ग्रहणात चंद्राची जमीन किती गार पडते? डिश अँटेनाने मोजता येईल का?

कृष्णाकाठ
१४ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

७ सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाचे फोटो दुसऱ्या धाग्यावर येतच आहेत, म्हणून हा धागा वेगळा काढतोय. स्पर्श रात्री ९:५७, संमीलन (खग्रासाची सुरुवात) ११:०१, उन्मीलन (खग्रासाचा शेवट) १२:२२ आणि मोक्ष १:२६. या साडेतीन तासांत चंद्रावरचं ऊन जातं आणि परत येतं. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे ऊन गेल्यावर जमीन किती आणि कशी थंड होते, यावरून ती जमीन कशाची बनली आहे हे कळतं. मला ते रेडिओ लहरींवर मोजायचं आहे.

इथे नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. डोळ्यांना दिसतो तो चंद्राचा प्रकाश सूर्याचा, परावर्तित. पण कुठलीही उबदार वस्तू स्वतःच्या तापमानामुळे रेडिओ लहरीही बाहेर टाकते, तशा चंद्रही टाकतो. सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर हिशेब सोपा असतो, कारण मिळणारी शक्ती तापमानाच्या सरळ प्रमाणात असते. चौथा घात वगैरे भानगड नाही.

माझ्याकडे १.८ मीटरची सी-बँडची जुनी डिश आहे (पत्र्याची आहे, जाळीची असेल तर ११ गिगाहर्ट्झला गळते). तिच्यावर केयू-बँडचा (डीटीएच टीव्हीच्या, ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा) एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडून वाढवणारी डबी, बसवला आहे. डिश स्थिर ठेवून चंद्र समोरून सरकू दिला की आलेखावर ठळक उंचवटा येतो. ७ तारखेला ढग अधूनमधून येत होते, तरी ग्रहणाआधी, खग्रासात आणि मोक्षानंतर असे उंचवटे मिळाले. तिन्ही जवळपास सारखेच. आकाशात चंद्र तांबूस झालेला आणि आलेखावर जणू काही घडलंच नाही.

हे असंच व्हायला हवं असं माझं मत आहे. पण "होणारी घट मोजण्याइतकी आहेच", हेही माझं मत आहे. त्यावर चर्चा व्हावी.

डेसिबल
१४ सप्टेंबर २०२५, रात्री १०:२२

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक शंका. चंद्रावर भर दुपारी विषुववृत्तापाशी ३९० केल्विनच्या आसपास तापमान असतं आणि रात्री ते १०० च्याही खाली जातं, असं वाचलंय. ग्रहणात त्यातली निम्मी घसरण झाली तरी १०० केल्विनचा फरक पडायला हवा. मग उंचवटा तसाच कसा राहिला? एलएनबी सॅच्युरेट (क्षमतेच्या टोकाला पोचून अडकलेला) तर झाला नाही ना?

आकाशकंदील
१४ सप्टेंबर २०२५, रात्री १०:५१

घसरण निम्मी नाही, त्याहून बरीच मोठी असते. माऊंट विल्सनवर १०० इंची दुर्बिणीला थर्मोकपल (उष्णतामापक) लावून पेटिट आणि निकोल्सन यांनी जून १९२७ च्या ग्रहणात हे मोजलं होतं. चंद्राच्या कडेजवळचा एक बिंदू ३४२ केल्विनवरून खंडग्रास अवस्थेतच १७५ वर आला आणि खग्रास संपता संपता १५६ वर. आपल्या भाषेत अधिक ६९ अंश सेल्सिअसवरून उणे ११७ वर, तेही एका रात्रीच्या काही तासांत. त्याआधी आयर्लंडमध्ये बर कॅसलला १८८४ च्या ग्रहणातही चंद्राची उष्णता झपाट्याने घटलेली नोंदवली गेली होती.

म्हणजे जमीन थंड होतेच, याबद्दल वाद नाही. पण ते मोजमाप अवरक्त किरणांचं होतं.

कृष्णाकाठ
१४ सप्टेंबर २०२५, रात्री ११:३५

@आकाशकंदील, अगदी बरोबर, आणि डेसिबलच्या शंकेचं उत्तर तिथेच आहे. अवरक्त किरण जमिनीच्या अगदी वरच्या कातडीतून येतात. रेडिओ लहरी खोलातून येतात. गंमत कळायला दोन लांब्या शेजारी शेजारी ठेवून बघूया.

पहिली लांबी: थंडावा किती खाली उतरतो. चांद्रधुळीचे कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात आणि मधल्या फटीत हवा नसते. त्यामुळे वरच्या एक-दोन सेंटिमीटरची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे एका वॅटच्या हजाराव्या भागाच्या आसपास येते. धुळीची घनता आणि विशिष्ट उष्मा धरून गणित केलं, तर चार तासांत थंडावा अर्धा सेंटिमीटरभर खाली जातो. बस्स, तेवढाच. चुलीतल्या राखेला वरून हात लावला तर ती गार लागते आणि बोटभर खाली निखारा धगधगत असतो, तसाच हा प्रकार.

दुसरी लांबी: रेडिओ लहर किती खालून निसटून वर येते. कोरड्या धुळीत ती ढोबळमानाने दहाएक तरंगलांब्यांच्या खोलीवरूनही बाहेर पडते. माझी लहर २.७ सेंटिमीटरची, म्हणजे खोली पाव मीटरच्या घरात.

आता भागाकार करा. २५ सेंटिमीटरच्या थराचा आवाज मी ऐकतोय आणि त्यातला फक्त वरचा अर्धा सेंटिमीटर गार झालाय, म्हणजे दोन टक्के. त्या पातळ थरातली सरासरी घट १०० केल्विन धरली, तरी माझ्या वाट्याला दोन केल्विन. हे ढोबळ आहे, प्रत्यक्षात त्याहून कमीच निघेल. पण हाच हिशेब ३ मिलिमीटरच्या लहरीला लावला तर घट दहा-वीस केल्विनची निघते आणि १ मिलिमीटरला त्याहून बरीच जास्त. विल्यम सिंटन यांनी १.५ मिलिमीटरवर ग्रहण मोजून १९५६ मध्ये निरीक्षण छापलं, त्यात घट स्पष्ट दिसते.

म्हणून मी म्हणतो की "उंचवटा तसाच राहिला" ही निराशेची गोष्ट नाही. तरंगलांबी बदलली की खोली बदलते. एकाच ग्रहणात चार तरंगलांब्यांवर मोजलं, तर चंद्रावर खड्डा न खणता चार वेगवेगळ्या खोलींवरचं तापमान मिळतं.

डेसिबल
१५ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:१०

भारी! म्हणजे खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण यासाठी निरुपयोगी? ४५ मीटरच्या ३० तबकड्या असूनही?

कृष्णाकाठ
१५ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:४८

ग्रहणातली घट पकडण्यासाठी हो, निरुपयोगी. जीएमआरटी सुमारे १५० ते १४५० मेगाहर्ट्झवर ऐकते. तिथली सगळ्यात आखूड लहरसुद्धा वीस सेंटिमीटरच्या वर आहे, म्हणजे ती चंद्राच्या काही मीटर खालचं ऐकणार. तितक्या खाली चंद्राचा पंधरा दिवसांचा दिवस आणि पंधरा दिवसांची रात्रसुद्धा पोचत नाही. अपोलो १५ आणि १७ च्या अंतराळवीरांनी भोकं पाडून तापमापक पुरले, तेव्हा साधारण ८० सेंटिमीटरच्या खाली दिवस-रात्रीचा फरक जवळपास नाहीसा झालेला दिसला. तिथे कायम २५० केल्विनच्या आसपास. मग चार तासांच्या सावलीची काय कथा!

सिडनीवाला
१५ सप्टेंबर २०२५, दुपारी १२:०५

धागा वाचून राहवलं नाही, कारण या गोष्टीचा एक मोठा तुकडा मी राहतो त्या शहरात घडला आहे.

चंद्राच्या उष्णतेच्या सूक्ष्मलहरी पहिल्यांदा पकडल्या डिकी आणि बेरिंजर यांनी, अमेरिकेत एमआयटीच्या रेडिएशन लॅबमध्ये, १.२५ सेंटिमीटरवर. ते १९४६ मध्ये छापून आलं. युद्धातल्या रडारसाठी जे तंत्र तयार झालं, तेच आकाशाकडे वळवलं गेलं. त्यानंतर सिडनीत पिडिंग्टन आणि मिनेट यांनी त्याच तरंगलांबीवर चंद्र कलेकलेने मोजत नेला आणि १९४९ मध्ये निष्कर्ष छापला. त्यांची तबकडी होती जेमतेम १.१ मीटरची. म्हणजे कृष्णाकाठ यांची डिश त्यांच्यापेक्षा मोठी आहे!

त्यांना काय मिळालं ते बघा: सरासरी २३९ केल्विन आणि त्यावर ४० केल्विनचा चढउतार. पृष्ठभाग जवळपास ३०० केल्विनने वरखाली होतो आणि रेडिओवर तो एकूण ८० वर येतो. शिवाय कमाल तापमान पौर्णिमेला मिळत नाही, ते ४५ अंशांनी मागे पडतं. महिन्याच्या हिशेबात पावणेचार दिवस. म्हणजे सेंटिमीटर लहरींवर चंद्र सगळ्यात ऊबदार असतो तो संकष्टीच्या सुमारास! ऊन खाली झिरपायला तेवढा वेळ लागतो. यावरूनच त्यांनी मांडलं की चंद्राच्या वरच्या थरात उष्णता अडवणारी धूळ असली पाहिजे. कुठलंही यान तिथे उतरण्याच्या सतरा वर्षं आधी. लूना ९ आणि सर्व्हेयर १ हे दोन्ही १९६६ चे.

आता ग्रहणाशी संबंध. कमाल पौर्णिमेनंतर येत असेल, तर पौर्णिमेच्या रात्री चंद्र अजून तापतच असतो. त्यांच्या सूत्रावरून १.२५ सेंटिमीटरवर हा चढ दिवसाला सहा केल्विन निघतो, म्हणजे तासाला पाव. उपछाया धरून ग्रहणाच्या पाच तासांत एक केल्विनहून जास्त. तुमची घट एक-दोन केल्विनची. हा चढ वजा केला नाही तर घट अर्ध्यावर येईल किंवा दिसणारच नाही. २.७ सेंटिमीटरवर चढ यापेक्षा मंद असेल, पण शून्य नाही.

आकाशकंदील
१५ सप्टेंबर २०२५, दुपारी ३:३०

संकष्टीचं हे मला माहीत नव्हतं! उद्या नववीच्या वर्गात सांगणार.

धुळीचा मुद्दा निघालाच आहे तर आपल्या चंद्रयान-३ चा उल्लेख हवा. विक्रमवरच्या चास्टे उपकरणाने १० सेंटिमीटरची सळई जमिनीत खुपसून तापमान मोजलं. इस्रोने ऑगस्ट २०२३ मध्ये जो पहिला आलेख दिला, त्यात पृष्ठभागाशी अधिक ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि ८ सेंटिमीटर खाली उणे १०. एका वितीहून कमी अंतरात साठ अंशांचा फरक. मुलांना तो आलेख दाखवला की वेगळं काही समजावावं लागत नाही. पाच ओळींच्या व्याख्येने जे होत नाही ते त्या एका रेघेने होतं.

ताईंची (म्हणजे माझी) एक विनंती: शाळेच्या गच्चीवर ६० सेंटिमीटरची डीटीएच डिश पडून आहे. तिच्यावर हे जमेल का?

मायक्रोवेव्ह_काका
१५ सप्टेंबर २०२५, रात्री ८:१५

मी उपग्रह भूकेंद्रावर बरीच वर्षं काढली आहेत. भौतिकशास्त्र वर छान मांडलंय, त्यात मला भर घालायची नाही. मी फक्त यंत्राबद्दल बोलतो, आणि स्पष्ट बोलतो.

ताई, ६० सेंटिमीटरच्या डिशचा बीम (एका वेळी तिला दिसणारा आकाशाचा तुकडा) ११ गिगाहर्ट्झला तीन अंशांहून थोडा मोठा. चंद्र अर्धा अंश. चंद्र त्या बीमचा जेमतेम दोन टक्के भाग भरतो, म्हणजे २२० केल्विनचा चंद्र तुम्हाला चार केल्विन दिसणार. चंद्र "आहे" एवढं दाखवायला ती डिश पुरते आणि मुलांसाठी तेही मोठंच आहे. ग्रहण मात्र विसरा.

कृष्णाकाठ, तुमच्या १.८ मीटरला बीम एक अंशाचा. चंद्र साधारण २५ केल्विनचा उंचवटा देत असेल. त्यात ग्रहणाची घट उतरते पाव केल्विनवर, अगदी अनुकूल धरलं तरी त्याहून फार जास्त नाही. आता सगळ्यांना वाटतं अडचण संवेदनक्षमतेची आहे. ती नाही. एकूण गोंगाट १०० केल्विन, बँडविड्थ २.४ मेगाहर्ट्झ, वेळ एक मिनिट घ्या: चढउतार एका केल्विनच्या शंभराव्या हिश्श्याच्याही आत येतो. पाव केल्विन आरामात दिसायला हवं. मग दिसत का नाही?

पहिलं, एलएनबीचं गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट वाढवतो ते. संध्याकाळी गरम, मध्यरात्री गार, दव पडलं की आणखी वेगळं. गेन ०.१ डेसिबलने सरकलं तर १०० केल्विनवर सव्वादोन केल्विनचा खोटा फरक पडतो. तुमच्या घटीच्या नऊ-दहा पट! डिकी यांनी १९४६ मध्ये जो स्विच बनवला तो याच दुखण्यावर: रिसीव्हरला आळीपाळीने आकाश आणि ज्ञात तापमानाचा भार दाखवायचा आणि फक्त फरक मोजायचा. रशियात गॉर्कीला (आताचं निझ्नी नोव्हगोरोद) ट्रॉइट्स्की आणि मंडळींनी त्यापुढे जाऊन "कृत्रिम चंद्र"च बनवला: काळ्या शोषक पदार्थाची चकती दूर उंचावर उभारायची आणि त्याच अँटेनाने एकदा ती, एकदा खरा चंद्र बघायचा. त्यांचे आकडे आजही विश्वासाने घेतले जातात ते त्यामुळे.

दुसरं, नेम. एक अंशाच्या बीममध्ये चंद्र मध्यापासून ०.१ अंश सरकला तर उंचवटा अडीच टक्के घटतो. २५ चे अडीच टक्के म्हणजे ०.६ केल्विन. ग्रहणाच्या घटीपेक्षा मोठा. आणि ७ तारखेला चंद्राची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) तासाला पाव अंशाच्या आसपास बदलत होती. स्थिर डिशवरून तीन वेळा मोजलेले उंचवटे "सारखे" आले, यावरून काहीच म्हणता येत नाही.

तिसरं, आणि हे कुणी बोललं नाही: उपग्रहांची माळ. आपल्या अक्षांशावरून भूस्थिर उपग्रह खगोलीय विषुववृत्ताच्या सव्वातीन अंश दक्षिणेला दिसतात. त्या रात्री चंद्र होता साडेसहा अंश दक्षिणेला. मध्ये अंतर सव्वातीन अंश. टीव्हीचा एक ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचा प्रक्षेपक) तुमच्या डिशवर चंद्राच्या काही शे पट शक्तीने येतो. साइडलोबमधून (मुख्य बीमच्या बाजूने) तीनशे पट क्षीण होऊन शिरला तरी चंद्राच्या तोडीस तोड. तुम्ही संपूर्ण बँडची शक्ती मोजत होता ना? मग त्यात चंद्र किती आणि मालिका किती, हे सांगणार कसं?

कृष्णाकाठ
१५ सप्टेंबर २०२५, रात्री ९:०५

काका, माळेचा मुद्दा जबरदस्त आहे. हो, संपूर्ण बँड मोजत होतो. पण म्हणून केयू-बँड सोडून द्यावा हे मला पटत नाही. मिलिमीटर लहरींची उपकरणं आपल्यासारख्यांच्या हातात येणं कठीण. एलएनबी मात्र गावोगाव मिळतो. ज्या लहरीवर दहा शाळा एकाच वेळी मोजू शकतील, ती लहर मला जास्त मोलाची वाटते.

डेसिबल
१५ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४४

१०.६८ ते १०.७० गिगाहर्ट्झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, तिथे कुणालाच प्रक्षेपण करायची परवानगी नाही. एलएनबीचा लोकल ऑसिलेटर (आलेल्या वारंवारतेतून वजा होणारी वारंवारता) ९.७५ ला असतो, म्हणजे तो पट्टा ९३० ते ९५० मेगाहर्ट्झला उतरतो. साधा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) तिथे लावता येतो. बँडविड्थ कमी मिळेल, पण काकांनी वर २.४ मेगाहर्ट्झ धरूनच हिशेब केलाय आणि तेवढ्यातही संवेदनक्षमता पुरून उरते. चालेल का काका?

मायक्रोवेव्ह_काका
१५ सप्टेंबर २०२५, रात्री १०:३०

चालेल काय, असंच करायला हवं. शाब्बास! फक्त एलएनबीचं गेन त्या कडेला थोडं पडतं, ते आधी बघून घे. आणि शेजारच्या जोरदार ट्रान्सपॉन्डरनी डोंगल गुदमरू नये म्हणून मध्ये फिल्टर लाव.

कृष्णाकाठ, मी सोडून द्या म्हणत नाही. क्रम बदला म्हणतो. आधी एक आख्खा चांद्रमास मोजा. कलेनुसार होणारा चढउतार ग्रहणाच्या घटीपेक्षा कितीतरी मोठा आहे. तुमच्या मोजणीत कमाल पौर्णिमेला न येता तीन-चार दिवसांनी आली, तर यंत्र खरं बोलतंय. ती पौर्णिमेलाच आली किंवा आलीच नाही, तर ग्रहणाच्या रात्री जागू नका.

सिडनीवाला
१६ सप्टेंबर २०२५, सकाळी ६:२०

काकांशी सहमत. आणि क्रम बदलायला वेळही आहे. ३ मार्च २०२६ चं खग्रास महाराष्ट्रात चंद्रोदयाआधीच संपलेलं असेल, हाती लागेल ते मोक्षाचं टोक. पण ३१ डिसेंबर २०२८ ची तारीख लिहून ठेवा. खग्रास भारतीय वेळेनुसार साधारण पावणेदहा ते अकरा, मोक्ष मध्यरात्रीच्या सुमारास.

त्या रात्री काकांच्या तीनपैकी दोन तक्रारी आपोआप हलक्या होतात. सूर्य दक्षिणेच्या टोकाला असल्यामुळे चंद्र २३ अंश उत्तरेला असेल: महाराष्ट्रात जवळपास डोक्यावर आणि उपग्रहांच्या माळेपासून पंचवीसेक अंश दूर. शिवाय टोकाजवळ असल्यामुळे क्रांती तासाला एक दशांश अंशाच्या आतच बदलेल, म्हणजे डिश स्थिर ठेवून चंद्र सरकू देण्याची पद्धत नीट चालेल. वर डिसेंबरची कोरडी हवा.

त्याआधी ६ जुलै २०२८ च्या मध्यरात्री खंडग्रास आहे, पण तो ऐन पावसाळा. सराव म्हणून ठीक.

आकाशकंदील
१६ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:०२

मग आमची शाळा चांद्रमासात सामील. चार केल्विनचा उंचवटा तर उंचवटा. आत्ताची नववीची मुलं डिसेंबर २०२८ मध्ये बारावीत असतील, तेव्हा सहावीच्या मुलांना आत्तापासून हाताशी धरते. मला फक्त एवढं सांगा: ज्ञात तापमानाचा भार म्हणून काय वापरायचं? शोषक फोम महाग असतो म्हणतात.

मायक्रोवेव्ह_काका
१६ सप्टेंबर २०२५, रात्री ८:४०

ताई, फोमचा मोठा तुकडा लागत नाही. एलएनबीच्या तोंडाएवढा पुरतो, कारण तो डिशसमोर नाही तर थेट एलएनबीसमोर धरायचा. कार्बन मिसळलेला काळा फोम वितभर घ्या, त्याच्या पोटात साधा डिजिटल तापमापक खुपसा आणि प्रत्येक उंचवट्याच्या आधी आणि नंतर अर्धा-अर्धा मिनिट तोंडासमोर धरा. हाताने धरू नका, लाकडी पट्टीला बांधा. हातसुद्धा ३०० केल्विनहून जास्त तापमानाचा आहे. एलएनबी थर्मोकोलच्या डब्यात बंद करा, फक्त तोंड उघडं. फोम ओला झाला तर वाळेपर्यंत वापरू नका.

येत्या पौर्णिमेला, ७ ऑक्टोबरला, सुरुवात करू. रोज रात्री प्रत्येकाने तीन आकडे टाकायचे: चंद्र, शेजारचं रिकामं आकाश आणि फोम. वेळ आणि फोमचं तापमान सोबत. तक्ता मी बनवून इथे चिकटवतो.